एका चुलीची सव्वीस माणसं

शाशितूला मूल झालं नाही. गोंदरच्या डोंगरात तिचं लग्न सात वर्षं टिकलं. मग नवऱ्यानं दुसरी केली, आणि ती मातीचा मोठा तवा डोक्यावर घेऊन खाली क्वाराच्या सखल मुलखात उतरली. तिथं मैलच्या मैल तिळाची शेतं आहेत. पाऊस लागला की डोंगरातले पुरुष खुरपणीला येतात, कापणी उरकून परत जातात, आणि तोवर त्यांना कुणीतरी रांधून घालावं लागतं. चौदा वर्षं शाशितू हे काम करत होती. भल्या पहाटे उठून ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचे धिरड्यांसारखे इंजेरे घालायचे, डाळीचं कालवण करायचं, पाण्याचे डबे भरून शेतावर पाठवायचे.

या चौदा वर्षांत तिच्या हातचं जेवलेली अकरा माणसं हिवतापानं गेली. त्यांपैकी चौघांचं पूर्ण नावही कुणाला ठाऊक नव्हतं. "तो उंच," "तो बासरीवाला," एवढंच. अशा माणसाला ख्रिस्ती देवळामागच्या जमिनीत पुरत आणि वरच्या गावी त्याची आई पुढच्या वर्षीही वाटेकडे डोळे लावून बसे. खालच्या मुलखातल्या लोकांचं अंग तापाला थोडंफार सरावलेलं असतं. डोंगरातल्या माणसाचं नसतं, त्याला ताप उभा जाळतो.

त्या वर्षी हामले महिन्यात, ऐन पावसात, उपकेंद्रावर मच्छरदाण्या वाटल्या. आरोग्यसेविका सेनाइत अंगणातल्या चिंचेखाली नोंदवही घेऊन बसली होती. पंचविशीची असेल. शाशितूच्या हातचा इंजेरा तिनं पुष्कळदा खाल्ला होता.

"घरात माणसं किती, मावशी?"

"मी एकटी."

"मग एक जाळी."

"आणि माझी सव्वीस माणसं?"

"ती मजूर आहेत. त्यांची नोंद त्यांच्या गावी."

"गावी थंडी असते, डास नसतात. तिथं जाळ्या कोण वाटतो? मी तिथलीच आहे, मला सांगू नकोस."

"मी काय करू? नियम कुटुंबाला आहे. दोन माणसांना एक जाळी."

"कुटुंब म्हणजे काय गं, तुझ्या वहीत?"

सेनाइतनं पहिलं पान उघडून वाचलं. "एका चुलीवर जेवणारी आणि एका आवारात झोपणारी माणसं."

शाशितू तिथंच खाली बसली. मागच्या बायका कुरकुरल्या, "अहो, उठा की, पाऊस येईल." ती उठली नाही. सेनाइतनं पेन दोनदा उघडून बंद केलं.

"नात्याचा रकाना आहे, मावशी. तिथं काय लिहू?"

"काय काय बसतं त्यात?"

"नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आई, बाप."

"नवरे सव्वीस लिहिलेस तर मला देवळाच्या दारातही उभं करणार नाहीत. मुलगे लिही."

मागच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "चाळिशीत सव्वीस! आम्हाला दोन-चार झाले तर कंबर मोडली." शाशितूही थोडं हसली. पण नावं सांगताना तिचा आवाज बदलला. आदल्या आठवड्यात तिनं एकेकाला पान वाढताना विचारून घेतलं होतं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव. लिहिता तिला येत नव्हतं, म्हणून ज्या क्रमानं ते पंगतीला बसत त्याच क्रमानं तिनं पाठ केलं होतं. सव्वीस नावं तिनं न अडखळता सांगितली.

रविवारी तिनं आपल्या धर्मगुरूंना हे सांगितलं. सरकारी कागदावर खोटं बोलले म्हणून. त्यांनी चाळीस साष्टांग दंडवतांचं प्रायश्चित्त दिलं. नावं खोडून आण, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

चौदा जाळ्या मिळाल्या. तेरा मजुरांच्या छपराला, एक तिच्या झोपडीला. छपर म्हणजे कुडाच्या दोन भिंती आणि वर गवत. तिनं माणसांना कामाला लावून दोर ओढून घेतले, जोड्या ठरवल्या आणि तेरा जाळ्या टांगल्या. पांढऱ्या जाळ्या रांगेनं लोंबताना पाहून माणसं चरकली.

"कफनं टांगलीस की काय, मावशी?"

"आत झोपलास तर जाळी. बाहेर झोपलास तर कफन."

कासाव नावाचा आडदांड गडी होता. त्याच्या घोरण्याबद्दल सगळ्या छपराची तक्रार होती. त्याच्या जोडीला तिनं बिराराला दिलं. बिरारा बावीस वर्षांचा, अंगानं सडपातळ, फारसा न बोलणारा.

"मला जाळी कशाला?" बिरारा म्हणाला. "हा घोरायला लागला की डासच काय, तरसं पळतात."

"मग तुम्ही दोघं मधोमध झोपा," शाशितू म्हणाली, "सगळ्यांना राखण."

ऑगस्ट संपता संपता तालुक्याहून एक साहेब तपासणीला आला. नोंदवहीत एका बाईच्या नावावर सव्वीस मुलगे पाहून तो सेनाइतला घेऊन थेट शेतावर पोचला. माणसं जेवत होती.

"हे सगळे तुमचे मुलगे, बाई? बाप तर प्रत्येकाचा वेगळा लिहिलाय."

"विचारा त्यांनाच."

साहेबानं कासावला विचारलं, "ही कोण तुझी?"

कासावच्या तोंडात घास होता. त्यानं तो गिळला. "आई," तो म्हणाला. बाकीचे ताटाकडे बघत राहिले, हसले कुणी नाही. साहेब चुलीपर्यंत गेला. पिठाचे तीन रांजण पाहिले, छपरात डोकावून तेरा जाळ्या पाहिल्या. त्यांच्या कडा चटयांखाली खोचलेल्या होत्या. त्यानं बराच वेळ वही हातात धरली.

"चूल तर एकच दिसते," तो अखेर म्हणाला आणि सही करून निघून गेला. सेनाइतची नोकरी त्या सहीवर टांगलेली होती.

त्या दिवसापासून माणसं शाशितूला आई म्हणू लागली. आधी थट्टेनं, मग सवयीनं. आणि त्या वर्षी, इतर शेतांवर माणसं पटापट आडवी पडत असताना, तिच्या छपरात पाऊसकाळभर एकालाही ताप आला नाही. रोज सकाळी माणसं कामाला गेली की ती छपरात जाई, दोर ताणून पाही, फाटलं असेल तिथं टाका घाली आणि जाळ्या मोजी. तेरा. मग ती पुढच्या कामाला लागे.

सप्टेंबरात तिकडचं नवं वर्ष लागलं. तीळ पिवळे पडले आणि कापणी सुरू झाली. कापलेल्या तिळाच्या पेंढ्या बांधून शेतात उभ्या रचतात आणि दोन-तीन आठवडे वाळू देतात. तेवढे दिवस त्यांना राखण लागते, कारण चोराला नुसती चादर अंथरून पेंढी उलटी केली तरी तीळ झडून पडतात. मुकादम अयेनाव यानं राखणीला बिराराला नेमलं. सर्वांत लांबचा तुकडा, छपरापासून पाऊण तासाच्या चालीवर. बिरारा आपली चादर आणि काठी घेऊन गेला. त्याचं जेवण पाण्याच्या गाडीबरोबर जाई. शाशितू ते स्वतः बांधून देई आणि वर एखादा कांदा ठेवी.

जाळी दोघांची होती. दोघांपैकी एक गेला, तेव्हा ती कासावकडे राहिली. कासावनं विचारलं होतं, "नेतोस का?" बिरारा म्हणाला होता, "मोकळ्या रानात टांगू कशाला? आणि तिकडं वारा असतो." दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही.

शाशितू रोज सकाळी जाळ्या मोजत होती. तेरा भरत होत्या. माणसं तिनं मोजली नाहीत.

अठराव्या दिवशी दुपारी पाण्याची गाडी परत आली तेव्हा गाडीवान म्हणाला, "तुझा पोरगा कालचंही जेवला नाही. पेंढ्यांशी बोलतोय."

ती हाताचं पीठ न धुता त्याच्याबरोबर निघाली. बिरारा रचलेल्या पेंढ्यांच्या सावलीत पडला होता. डोळे उघडे होते, ओळख नव्हती. अंगाला हात लावताच तिला कळलं. तरी तिनं आजूबाजूला पाहिलं. चादर होती, काठी होती, पाण्याचा डबा होता.

"जाळी कुठंय?" तिनं गाडीवानाला विचारलं.

"इथं कधी नव्हतीच की."

कासाव आणि आणखी तिघांनी त्याला काठ्यांच्या डोलीत घालून उपकेंद्रावर नेलं. सेनाइतनं बोट टोचून तपासलं, आणि मान वर न करता म्हणाली, "याला मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चार तास, शाशितू सोबत. रस्ता चिखलाचा. दवाखान्यात त्याला सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "नातेवाईक कोण?" सेनाइतनं सोबत दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. आई, शाशितू. तिनं अंगठा उठवला. तिथल्याच देवळाच्या जमिनीत त्याला पांढऱ्या कापडात आणि चटईत गुंडाळून ठेवलं. धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याचं नाव विचारलं, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिनं फक्त तिन्ही गोष्टी सांगितल्या. नाव, बापाचं नाव, गाव.

छपरात परतल्यावर कासाव चुलीपाशी येऊन बसला.

"आई, माझ्यामुळं झालं."

"तू विचारलं होतंस."

"नुसतं विचारलं. नेऊन दिली असती तर?"

"माझी एक होती," शाशितू म्हणाली. "माझ्या झोपडीत. मी एकटी तिच्यात झोपत होते. ऊठ, लाकडं आण."

कापणी अर्धी राहिली होती आणि शाशितू बिराराच्या गावी निघाली होती. मुकादम म्हणाला, "आता गेलीस तर तुझ्या जागी दुसरी बाई लावावी लागेल. परत आल्यावर चूल मिळेल याची खात्री नाही."

"लावा," ती म्हणाली.

दोन दिवस गाडीनं आणि एक दिवस पायी असा प्रवास करून ती बिराराच्या गावी पोचली, ती दुपारी. झऱ्यावर एक बाई घागर भरत होती. शाशितूनं गावच्या वडीलधाऱ्यांचं घर विचारलं. बाईनं हात करून दाखवलं, मग तिच्या पायांकडं पाहिलं.

"खालून आलात वाटतं. इकडची लाल माती नाही, काळी आहे पायाला."

"हो."

"माझा थोरला खालीच आहे, तिळाच्या कामाला. या सणाला येतो म्हणाला होता." तिनं घागर बाजूला सरकवली. "पाणी प्या आधी. चढ मोठा आहे."

तोंडावळा बिराराचाच होता, बोलण्याआधी किंचित थांबणंही. मरणाची बातमी अशी वाटेत सांगत नाहीत. वडीलधारे जमतात, पहाटे दाराशी जातात, आणि मग सांगतात. शाशितू पाणी प्यायली. "कामं लांबलीत यंदा," एवढं तिला म्हणता आलं.

पहाटे गावचे चार म्हातारे, धर्मगुरू आणि शेजारच्या बाया झऱ्यावरच्या त्या बाईच्या, तेवाबेचच्या, दारात उभ्या राहिल्या. तेवाबेच बाहेर आली, माणसं पाहिली, आणि कुणी तोंड उघडण्याआधी तिथंच खाली बसली.

तीन दिवस घरात बायका बसून होत्या. शाशितू दाराजवळ बसली होती. ती कोण, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. एक शेजारीण सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लेक हिचा, आणि कागदावर आई तिसरीच." कुणी तिला गप्प केलं नाही.

तिसऱ्या दिवशी गर्दी ओसरली तेव्हा तेवाबेच तिच्यासमोर येऊन बसली.

"झऱ्यावर तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मी तुम्हाला सणाचं सांगत होते. आता सगळं सांगा. काही गाळू नका."

शाशितूनं सांगितलं. वही, सव्वीस नावं, जोड्या, राखण. रोज सकाळी जाळ्या मोजल्या हेही सांगितलं. स्वतःच्या झोपडीतली चौदावी जाळी सांगितली. ऐकून झाल्यावर तेवाबेच उठून मागच्या दारी गेली. बऱ्याच वेळानं ती परत आली आणि होती तिथंच बसली.

"धाकटा पुढच्या पावसाळ्यात जाईल," ती म्हणाली. "नको म्हणून राहायचा नाही. दोघांना पुरेल एवढी जमीन नव्हती, म्हणून थोरला गेला. आता जमीन पुरेल, तरी हा जाईल. भाऊ जिथं ठेवला ते बघायला म्हणून जाईल, आणि कामाला राहील."

पुढच्या पावसाळ्यात आपल्याकडे चूल असेल की नाही, हे शाशितूला ठाऊक नव्हतं.

"मला लिहिता येत नाही," तेवाबेच म्हणाली. "तुम्हालाही येत नाही म्हणता. त्याचं नाव ती वहीवाली मुलगी लिहील ना?"

"लिहील. आईच्या जागी तुमचंच नाव घालायला सांगेन."

"माझं घातलं तर जाळी मिळेल का?"

"नाही."

"मग तुमचं घाला." तिनं डोक्यावरची पांढरी ओढणी सारखी केली. "पण एकट्याची द्या. जोडीत नको. आणि ती बांधतात कशी, ते मला दाखवा. मी त्याला इथूनच शिकवून पाठवते."

शाशितूनं आपल्या अंगावरची ओढणी काढली. घरात टांगायला खुंटी एकच होती, म्हणून दुसरं टोक तेवाबेचनं हातात धरलं. मोकळ्या रानात चार काठ्या कशा रोवायच्या, ते शाशितूनं आधी तोंडानं सांगितलं. मग ती चटईवर गुडघे टेकून बसली आणि कापडाची कड चटईखाली बोटांनी खोचत गेली, डोक्याकडून पायांकडे, कुठंही फट न ठेवता.

"पुन्हा," तेवाबेच म्हणाली. "सावकाश करा."