रापणीतला माझा वाटा

लग्नानंतरच्या थंडीत वेल्ह्याहून घाट उतरून आम्ही नवरा-बायको तूप विकायला समुद्रकाठच्या गावी गेलो. सकाळी कोळी रापणीचं मोठं जाळं दोरांनी किनाऱ्याकडे ओढत होते. माणसं कमी पडत होती. मी पदर खोचला, तसे आमचे मालक म्हणाले, “तुला जमायचं न्हाई.”

मी दोर धरलाच. आमच्याकडे त्या दिवसांत ओढ्यात पाय घालवत नसे. इथलं पाणी कोमट होतं. तळहात सोलले, पण जाळं वाळूवर येईपर्यंत मी दोर सोडला नाही.

म्हाताऱ्या कोळ्यानं टोपलीभर बांगडे पुढं केले. “बाय, तू जाळं ओढलंस. हा तुझा वाटा.”

मान ताठ करून मी टोपली डोक्यावर घेतली. गावी आल्यावर मालकच सगळ्यांना सांगत सुटले, “हिनं दर्या ओढला!”