खळ्यावरचे छप्पर

त्या वर्षी दिवाळीनंतर, भातकापणी संपता संपता, कोकणातून वादळ वर आले. लोणावळ्यावर ते एक रात्र आणि एक दिवस होते. मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात नोकरीला होतो. छपरे, झाडे आणि रस्ते यांची माहिती पाठवायला संपादकांनी मला चार-पाच दिवसांसाठी तिकडे धाडले.

मी ज्या गाडीने गेलो त्याच गाडीने शहरातले चौदा कामगार चालले होते. रस्ते झाडणे, गटारे उपसणे हे त्यांचे रोजचे काम. लोणावळ्यात बंगल्यांच्या आवारातली मोठी झाडे रस्त्यांवर आडवी झाली होती, विहिरींत पाला आणि मेलेली जनावरे पडली होती, आणि तिथले मोजके कामगार स्वतःच्या मोडलेल्या झोपड्या उभ्या करण्यात गुंतले होते. म्हणून ही माणसे मागवली होती. कुऱ्हाडी, करवती, दोरखंड आणि प्रत्येकाची एक वळकटी, एवढे त्यांचे सामान होते.

त्यांना ठेवायचे कुठे हा प्रश्न कामावरच्या ओव्हरसियरने आधीच सोडवला होता. गावात जागा नव्हती. बंगले मोकळे होते, पण त्यांची कौले उडाली होती, आणि कौले शाबूत असती तरी या कामगारांना कुणी आत घेतले नसते. ते ज्या समाजाचे होते त्याला तेव्हा अस्पृश्य मानत. ओव्हरसियरने वलवणच्या बाजूला एका माळावर जागा शोधली. सपाट, कोरडी, चहूकडून मोकळी अशी ती गोल जागा होती. मधोमध एक जाड खांब पुरलेला होता. कंत्राटदाराच्या माणसांनी त्या खांबाला उंच बांबू आवळला, वरून ताडपत्री ओढली आणि चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या बांधल्या. शेजारी सामानाची एक राहुटी ठोकली. मलाही दुसरी सोय नसल्याने त्या राहुटीत एक कोपरा मिळाला.

ओव्हरसियर पंचविशीतला, नीटनेटका, शहरात वाढलेला माणूस होता. त्याने मला जागा दाखवली.

"बघा, शेणाने सारवूनसुद्धा ठेवली आहे. गावकऱ्यांना कळलं असणार माणसं येणार म्हणून."

मी ते लिहून घेतले. मदतीला येणाऱ्या कामगारांसाठी गावकऱ्यांनी जमीन सारवून ठेवली होती, असे वाक्य माझ्या पहिल्या बातमीत छापून आले. ते चुकीचे होते.

कामगारांत एक साठीच्या आसपासचा माणूस होता. बाकीचे त्याला आबा म्हणत. छपराच्या तोंडाशी तो थांबला, खाली वाकून जमिनीकडे पाहिले आणि पायातल्या वहाणा काढून बाहेर ठेवल्या. मागचे तेरा जण वहाणांसकट आत गेले. त्याने त्यांना परत बाहेर बोलावले.

"काढा पायातलं."

"का रं आबा? देऊळ हाय व्हय?"

"खळं हाय."

बाकीच्यांपैकी बहुतेकांचा जन्म शहरातला होता. त्यांनी वहाणा काढल्या, पण पुढे काही विचारले नाही. ओव्हरसियर मात्र बूट घालूनच आत-बाहेर करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो हजेरी घेत असताना एक बाई वर आली. पन्नाशीची, वाळलेली, डोक्यावर पदर. ती छपराच्या गोलापाशी येऊन थांबली.

"सायेब, ह्ये खळं माजं हाय."

"बाई, मैदान आहे हे. यावर कुणाचं नाव लिहिलंय?"

"नाव कशापाय लागतंय? मधी तिवडा हाय न्हवं? त्येला कुंकू लावलंय म्या."

तिवडा म्हणजे मळणीच्या वेळी ज्याच्याभोवती बैल फिरतात तो खांब. ओव्हरसियरने आत जाऊन पाहिले. दोरीच्या वेढ्याखाली कुंकू होते.

मी तिला विचारून बाकीचे समजून घेतले. नवरा वारला होता, मुलगा मुंबईला गिरणीत होता. भात कापून तिने पेंढ्यांची उडवी रचून ठेवली होती. वादळाने उडवीचा माथा उडवला आणि पाणी थेट तळापर्यंत गेले. उघडीप मिळताच तिने पावसाने उखडलेले खळे चोपून पुन्हा सारवले, एक दिवस वाळू दिले, आणि पेंढ्या आणायला आली तर वर छप्पर उभे. गावातली बाकीची खळी खाली खाचरांच्या बाजूला होती. त्यांत अजून चिखल होता.

तिने ओच्यातून मूठभर भात काढून ओव्हरसियरपुढे धरले. तीन-चार दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते.

"एवढंच हाय सायेब वरीसभराचं. अजून तीन-चार दिसांत झोडलं न्हाई तर समदं उगवंल."

"मला आठ दिवसांचा हुकूम आहे. जागा बदलायची तर वर विचारावं लागेल. पुढच्या आठवड्यात या."

"फुडच्या हप्त्यात यिऊन काय करू? लावनी?"

कामगारांतला एक जण हसला. ओव्हरसियरने त्याच्याकडे पाहिले आणि हजेरी पुढे चालू केली. तो दुष्ट नव्हता. त्याच्याकडे दुसरी जागा नव्हती, आणि हुकमाच्या कागदावर खळे हा शब्द नव्हता.

बाई जायला निघाली तेव्हा तिचा दीर वर आला. अंगात बंडी, खांद्यावर घोंगडी. त्याने छपराकडे आणि आतल्या वळकट्यांकडे एकदा पाहून घेतले.

"झालं तुजं समाधान? खळं बाटलं. ह्ये गेल्याबिगर आन गोमूत्र पडल्याबिगर भावकीतलं कुनी हितं पाय टाकनार न्हाई. सांगून ठिवतो."

"मंग पेंढ्या कुटं झोडू, भाऊजी? तुमच्या वसरीवर?"

"माजंच भात भिजलंय. तुजं कुटं बघू?"

तो निघून गेला. हे सगळे बोलणे कामगारांच्या देखत झाले. ते आपापल्या कुऱ्हाडी घेऊन रस्त्याला लागले. त्या दिवशी त्यांनी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची अकरा झाडे तोडून बाजूला केली. मी ती मोजली होती. बातमीला आकडा हवा होता.

संध्याकाळी कामावरून परतताना आबा वाटेतच उडवीपाशी थांबला. बाई तिथे बसून वरच्या पेंढ्या उलटत होती.

"मावशी, आत हात घातला का? ऊब लागती?"

"भाकर भाजंल यवढी."

"मंग उद्याच्याला मोडा उडवी."

"मोडून कुटं ठिवू रं बाबा? आभाळ बघ."

आभाळ भरलेले होते. आबाने सांगितले की छपराच्या तट्ट्या सोडून टाकू, ताडपत्री वर राहू दे. वारा आरपार जाईल, पाऊस आला तरी भिजणार नाही. कामगार दिवसभर बाहेरच असतात. रविवारी त्यांना सुट्टी असते, तेव्हा झोडून घेता येईल. बाईने विचारले,

"झोडनार कोन?"

"आमी चौदा जन काय तुमच्या डोळ्याला दिसत न्हाई?"

छपरात मात्र त्यावर वाद झाला. मी राहुटीत मजकूर लिहीत होतो, मधे फक्त एक कापड होते. सकाळी हसलेला तो गडी सगळ्यात चिडला होता.

"आपल्या भिंती काढून तिच्या भाताला वारा घालायचा? आन आपन काय, पेंढ्या पांघरायच्या?"

"पांघर," आबा म्हणाला. "तुजा गादीवाला बंगला पडलाय व्हय वादळात?"

"तिचा दीर सकाळी काय बोलला ऐकलं न्हाई तू?"

"त्याचं भात असतं तर मीबी न्हाई म्हनलो असतो."

"आन ह्या बाईनं तरी आत पाय टाकला का? भायेरूनच बोलली."

दुसऱ्या एकाने आबाला विचारले की तुला एवढी खळ्याची माहिती कशी. तेव्हा त्याने सांगितले की त्याचा बाप गावकीचे काम करायचा आणि मळणीच्या दिवसांत त्या कामाच्या मोबदल्यातल्या वाट्यासाठी खळ्याच्या कडेला घोंगडी पसरून बसायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आत जायचा नाही. रास मोजून झाली की मालक कडेपर्यंत येऊन सुपाने घोंगडीत टाकायचा.

"आन तू?"

"मी बापाच्या शेजारी बसायचो. आतनं झोडल्याचा आवाज यायचा."

शनिवारी सकाळी हजेरीच्या वेळी तट्ट्या सोडून एका बाजूला रचलेल्या होत्या. ओव्हरसियरने कारण विचारले.

"आत दमट हुतं सायेब. खोकला लागला समद्यांना."

दोन-तीन जण खोकले. ओव्हरसियरने वहीत काहीतरी लिहिले आणि छपराच्या दोऱ्या तपासायला आत गेला. आबा त्याच्या बुटांकडे पाहत होता.

दिवसभरात बाईने एकटीने उडवी मोडली आणि पेंढ्या डोक्यावरून आणून खळ्याच्या कडेकडेने, छपराखाली, उभ्या केल्या. वळकट्या तिवड्याभोवती रचलेल्या होत्या. त्यांना तिने हात लावला नाही, त्यांच्यापासून वीतभर जागा सोडली. संध्याकाळी माणसे परतली तेव्हा तट्ट्यांच्या जागी पेंढ्यांची भिंत झाली होती. त्या भिंतीतून वारा येत होता, पण आदल्या दिवशी वाटले होते तेवढा नाही. चिडलेल्या गड्याने पेंढीला नाक लावून पाहिले आणि म्हणाला की बंगल्यातल्या गाद्यांना असा वास येत नसणार.

रविवारी त्यांनी रस्त्यावर तोडलेल्या झाडाचा एक ओंडका ढकलत वर आणला. त्यावर पेंढ्या झोडायच्या होत्या. तिवड्याला छप्पर बांधलेले असल्याने बैल फिरवणे शक्य नव्हते. पेंढ्यात उरतील ते दाणे उरतील, असे बाईनेच म्हटले. पहिल्या तासात काम वाईट झाले. शहरातली माणसे कुऱ्हाड मारावी तशी पेंढी आपटत होती आणि दाणे गोलाबाहेर उडत होते. बाई कडेला उभी राहून ते पाहत होती.

"आरं मारू नगा तिला! झोडा! मनगाट सैल सोडा!"

"कसं सैल सोडायचं मावशी? दाखवा की."

तिने पदर खोचला आणि आत येऊन पेंढी हातात घेतली. वळकट्यांच्या मधून वाट काढत ती ओंडक्यापर्यंत गेली. चार-पाच वेळा आपटून दाखवले आणि परत बाहेर गेली नाही. दुपारपर्यंत ती दाणे गोळा करत होती आणि चौदाही जणांना नावे ठेवत होती. तेही तिला उत्तरे देत होते. खालच्या वाटेवरून गावातली दोन-चार माणसे गेली, थांबून पाहिले आणि पुढे गेली.

दिवस कलायच्या आत झोडणी संपली. दोन-अडीच पोती कोंब फुटून वाया गेली होती. बाकीचे भात वाचले. वारवून रास घातल्यावर बाईने पहिले सूप भरले आणि ते घेऊन खळ्याच्या कडेला, वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. वाटा तिथेच द्यायचा असतो. तिथे घोंगडी नव्हती आणि कुणी माणूसही नव्हता. आबा तिवड्याला टेकून आपल्या वळकटीवर बसला होता आणि कांबळ्यातली कुसळे काढत होता.

"आबा, या. धोतर पसरा."

तो उठला नाही.

"हितंच द्या, मावशी. बिऱ्हाड हितं हाय आमचं."

बाई सूप धरून उभी होती. सूप जड होते. मग ती वळली, मधोमध आली आणि विचारले, "कशात घालू?" चिडका गडी धावत जाऊन भाताचे पातेले घेऊन आला.

सोमवारी माझी परतायची गाडी दुपारची होती. सकाळच्या हजेरीला बाईचा दीर वर आला. डोक्यावर पेंढ्यांचा भारा होता. त्यातून पाणी गळत नव्हते, पण बाहेरच्या पेंढ्यांच्या टोकांना कोंब दिसत होते. त्याने भारा उतरवला नाही. तसाच उभा राहून ओव्हरसियरला विचारले,

"सायेब, ह्ये छप्पार अजून किती दिस हाय हितं?"

"गुरुवारपर्यंत. का? तुमचीही तक्रार आहे का?"

ओव्हरसियर वही उघडी धरून वाट पाहत होता. छपरातून आबाच बोलला.

"भारा घिऊन आत या की, भाऊ. भायेर दव हाय."

दिराने कडेला वहाणा काढल्या आणि भाऱ्यासकट वाकून छपराखाली आला. आत आल्यावर तो थांबला. भारा टेकवायला तो जागा शोधत होता, आणि जिथे पाहावे तिथे कुणाची ना कुणाची वळकटी होती. शेवटी चिडक्या गड्याने आपली वळकटी पायाने बाजूला सरकवली.