बॅटरीची वायर

पनवेलच्या हायवेवरच्या गॅरेजात मला सहा-सात वर्षं झाली होती. मी परभणीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. गॅरेजच्या मालकांनी, मिस्त्रींनी, काम शिकवलं, माळ्यावर राहायला जागा दिली. त्यामुळे त्यांची नजर जरा बदलली तरी मी हातातलं काम परत तपासून बघायचो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवीन पनवेलच्या एका साहेबांची परदेशी गाडी आली. सायलेन्सरचा पुढचा ब्रॅकेट तुटलेला. मी वेल्डिंग करून दिला. दुसऱ्या सकाळी गाडी परत दारात. एबीएसचा पिवळा दिवा विझेना. जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ नयेत म्हणून असते ती सोय. तिचा कॉम्प्युटर म्हणजे इंजिनाशेजारचा काळा डबा.

"वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडली व्हती ना रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. सोडली नव्हती. ट्रकला कुठे कोण सोडायचं? पण या गाडीत वेल्डिंगचा करंट कॉम्प्युटरमध्ये शिरला तर तो जळतो.

मिस्त्रींनी तारेच्या तुकड्याने गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटच्या दोन पिना जोडल्या. दिवा लुकलुकायला लागला. किती वेळा ते मोजायचं आणि त्या आकड्याचा बिघाड कुठला ते पुस्तकात बघायचं. आकडा डब्याचाच निघाला.

"डबा आपोआप मेला म्हनायचा," मिस्त्री म्हणाले.

साहेब म्हणाले, "साधा ब्रेक लागतोय ना? मग उद्या पुण्याला जाऊन येतो. मुलांना कबूल केलंय."

येताना घाट उतरायचा. मागे मुलं. साहेब चहाला गेले तसा मी मिस्त्रींना म्हणालो, "वायर नव्हती सोडली."

"सकालपासून मला येडा बनवतोस? वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा कुठं लावलास?"

मी डब्याखालचा बोल्ट दाखवला. तो खोलला तर डब्याच्या अर्थिंगच्या वायरचं टोक काळं ठिक्कर. नवं टोक बसवलं, बोल्टची जागा घासली. दिवा विझला.

"नशीब, डबा वाचला. चल, ब्रेक बघायला जवळच्या सुकापूरच्या खडीच्या रस्त्यावर. तूच चालव."

ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल धडधडलं. काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला.

"काढू नको! एबीएस लागला की ते तसंच थरथरतं. परत मार!"

या वेळी गाडी सरळ थांबली.

"मिस्त्री, मी राहू ना?"

"माल्यावर दुसरा कोन झोपनार? पन सायबाला काय झालं ते तूच सांगायचं."

साहेब गॅरेजात वाट बघत असणार. तिथे पोचेपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.