बोधिवृक्षाखालचं गवत

वडील गेले त्याच उन्हाळ्यात नांदेडच्या आमच्या विहाराच्या कमिटीनं ठरवलं, आवारातलं लॉन काढून पेव्हर ब्लॉक टाकायचे. लॉन म्हणावं असं तिथं काही उरलं नव्हतं. बोधिवृक्ष म्हणून लावलेला पिंपळ मोठा झाला होता, त्याच्या सावलीत जमीन दगडासारखी झाली होती आणि मधूनमधून चार पिवळ्या काड्या उभ्या होत्या. पण ते लॉन वडिलांनी लावलेलं. त्यांच्या बापाला गावच्या पारावर बसू देत नव्हते. इथं कुणीही यावं आणि मांडी घालून बसावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

मी वर्षावास संपेपर्यंतची मुदत मागितली. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत रोजचं ग्रंथवाचन विहाराच्या आत होतं, बाहेर पाय पडत नाहीत.

सचिवकाका म्हणाले, "तोवर गवत आलं तर ठिवू. न्हाई आलं तर ब्लॉक. मग पत्रक काढू नको आमच्यावर."

टोमणा खोटा नव्हता. वडील चळवळीची पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे. अक्षरं मी त्यांवरच शिकले, पुढं स्वतःही लिहू लागले. त्या दिवसांत मला रडू येत नव्हतं. राग यायचा, तोही सवयीनं.

नोकरी लातूरला. शनिवारी एसटीनं यायचं, रविवारी काम. आधी नर्सरीतून हरळीच्या लाद्या आणून अंथरल्या. तीन आठवड्यांत त्या पिवळ्या पडल्या. नर्सरीवाला फोनवर म्हणाला, "ताई, हरळीला ऊन लागतं. सावलीत टाकली कशाला?"

मग पिंपळाच्या खालच्या फांद्या उतरवायच्या, असं मी ठरवलं. रविवारी कोयता घेऊन झाडाखाली उभी राहिले, तेवढ्यात आत चाललेली बुद्धवंदना संपली. वडिलांच्या चुलत बहिणीनं, म्हणजे माझ्या आत्यानं, येऊन माझं मनगट धरलं.

"बोधिवृक्ष हाय तो."

"झाड आहे, आत्या. आपणच पानाफांद्यांना हात जोडायला लागलो तर दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?"

"झालं भाषण? तुझ्या बापानं बी फांदी तोडू दिली न्हाई. लाईटवाले आलते, तर हा गडी बुडाशी आडवा पडला. उठंना."

हे मला माहीत नव्हतं. वडील असते तर मी त्यांच्याशी दोन दिवस भांडले असते. मी कोयता पिशवीत टाकला. पटलं म्हणून नव्हे.

"ऊन आणता येत न्हाई, तर सावलीतलं गवत आण की," आत्या म्हणाली.

कालव्याच्या कडेला, दाट झाडीत, रुंद पात्याचं जाड गवत माजतं. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात मजुरी केलेल्या विहारातल्या बायांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी दोन पोती भरून आणली. आम्ही कुदळीनं जमीन फोडली, शेणखत मिसळलं. मग त्या ओळीनं उकिडव्या बसल्या आणि कांद्याचं रोप लावावं तसे गवताचे तुकडे खोचत मागं सरकत गेल्या. माझी ओळ वाकडी गेली.

"लिहिती बी अशीच का गं?" आत्यानं विचारलं. सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

पुढं फार काही नव्हतं. दर रविवारी पिंपळाची पानं हातानं वेचायची, नाहीतर खालचं गवत कुजतं. पाऊस नसेल तर सकाळी भरपूर पाणी द्यायचं. कुणी पाय देऊ नये म्हणून मी भोवती दोरी बांधली. आश्विनापर्यंत बुंध्याजवळचा भाग सोडून सगळं झाकलं गेलं.

पौर्णिमेला वर्षावासाचा समारोप होता. सचिवकाकांनी चप्पल काढली, दोरीच्या आत एक पाय ठेवला, दाबून पाहिलं. "राहू द्या," म्हणाले. ब्लॉकचा विषय संपला. माझ्या आत काहीतरी हलेल म्हणून मी थांबले. काही हललं नाही.

जेवणं सुरू झाली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ताटं घेऊन उन्हात, दोरीबाहेर उभी. आत्या गुडघा धरून भिंतीला टेकलेली.

"आत्या, बस की."

"कुठं? दोरी हाय न्हवं."

गवत कोवळं होतं. एवढी माणसं बसली तर निम्मं मरेल, हे मला कळत होतं. मी गाठ सोडली.

"मरंल की गं ते."

"परत लावू."

ती बसली. मग बाकीचे बसले. मी वरणाची बादली उचलली आणि वाढायला गेले.