अभ्यासाला बसलेले बाप

मुलं कधीच नापास होत नाहीत, नापास होतात ते त्यांचे आईबाप, असं ठाम मत असलेला, ते मत त्या आईबापांच्या तोंडावर सांगणारा आणि तरीही त्यांच्याच घरी महिनोन् महिने हक्काने जेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे मामासासरे, माझ्या यजमानांचे सख्खे मामा. त्यांचं घर पिंपळगाव राजाला होतं, पण ते तिथे राहत असं म्हणणं म्हणजे पोस्टमन पोस्टात राहतो असं म्हणण्यासारखं आहे. दिवाळी सरली की नात्यागोत्यात कुणाचं पोर हायस्कुलात अडलं आहे, याचा वास त्यांना कसा लागे देव जाणे. मग एखाद्या दुपारी ते एसटीतून उतरत. काखेत वळकटी, हातात तांब्या आणि डोक्यावर दोर वळायच्या अंबाडीच्या वाखाचा हा एवढा भारा. वळकटी एका जुन्या, काळ्या पडलेल्या दोराने बांधलेली असे आणि त्या दोराला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी नवी सून असताना एकदा कौतुकाने वळकटी सोडायला गेले, तर "राहू दे बाई, राहू दे," म्हणत असे धावले की मी दोन हात मागे सरकले. बोलावणं नसताना येता कसे, असं कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर तयार असे, "बोलावल्यावर येते तो पाव्हना. मी का पाव्हना हावो?"

आता असा माणूस आला म्हणजे पोराला धरून शिकवत असेल, असं कुणालाही वाटेल. छे! ते पोराकडे ढुंकूनही बघत नसत. बीजगणित त्यांना येत नव्हतं, इंग्रजी त्यांनी कधी तोंडात आणली नाही. त्यांची शाळा होती ती बापांची. नियम एकच. दिवेलागणीला पोरगं अभ्यासाला बसलं की बापाने त्याच्यासमोर बसायचं. वाचता येत असेल तर वाचायचं, नसेल तर हातांना काहीतरी काम द्यायचं, पण उठायचं नाही, बोलायचं नाही आणि पोराच्या पुस्तकात डोकवायचं नाही. अमडापुरात आमच्या शेजारी रहीमभाई शिंपी राहत. त्यांचा सलीम नववीत होता तेव्हा मामाजींनी त्यांना सदऱ्यांची काजं करायला बसवलं. त्या वर्षी गावातल्या सदऱ्यांना एकेक काज जास्तच आलं म्हणतात. गढीवरच्या पाटलांची मात्र पंचाईत झाली, कारण त्यांना हाताने करता येईल असं जगात एकही काम नव्हतं. मामाजींनी त्यांच्यापुढे शेंगांचं टोपलं ठेवलं आणि "फोडा," म्हणाले. पाटलांनी त्या फोडल्या आणि फोडता फोडता खाल्ल्या. मार्चमध्ये पोरगा पास झाला आणि पाटील वैद्याकडे गेले.

बायकाही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. मी अकोल्याची, स्वतः मॅट्रिक झालेली, म्हणून मला या बाबतीतलं थोडं कळतं असा माझा समज होता. वसंता, आमचा थोरला, अभ्यासाला बसला की मी दर थोड्या वेळाने दुधाचा पेला घेऊन आत जाई आणि जाता जाता "कुठवर आलं रे?" असं अगदी सहज विचारी. मामाजींनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला दारातच अडवून म्हणाले, "सूनबाई, दूध द्याले आली का पहारा द्याले?" पेला माझ्या हातातच राहिला. शेवटी ते दूध मी प्यायले.

पण आमच्या घरी ते मुक्कामाला आले ते काही दुधासाठी नव्हे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. वसंता अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होता आणि सहामाहीत गणितात साफ आपटला होता. ह्यांनी बाजाराच्या दिवशी, ओसरीवर चार माणसं बसलेली असताना, त्याच्या नावाने नको नको ते काढलं. "शेजारच्या सलीमले पाय! शिंप्याचं पोरगं पहिलं येते, अन् तुले बारा एकर वावर असून दोन गणितं येत नाई!" पोराने मान खाली घातली ती घातलीच. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाणारे दोघे, पण निरोप माझ्यामार्फत. "तुह्या लेकाले सांग, बैलाले पानी दाखव म्हना," असं हे त्याच्यासमोरच मला सांगत आणि मीही गधड्यासारखी दोन पावलांवर उभ्या असलेल्या पोराला तो निरोप पोचवी. मला वरून हसू यायचं आणि आतून जीव तुटायचा. ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं, आता पुस्तकं माळ्यावर आणि वसंता वखरावर.

नेमके त्याच आठवड्यात मामाजी वाखाचा भारा घेऊन दारात उभे. भाच्याचं सगळं ऐकून घेतलं, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "किसना, मार्चपावतर थांब."

"थांबतो. मार्चपावतर पोरगं तुमच्या ताब्यात. नापास झालं का वखर हाती देतो, मंग मधात पडू नका."

"पोराले काऊन ताब्यात घेऊ? मार्चपावतर तू माह्या ताब्यात."

हे संतापले. "मले काय त्याचं गणित येते?"

"तुले बसता येते ना? मंग बस."

मामाच तो, उलट काय बोलणार? हे बसले, पण पोराकडे पाठ करून. भिंतीशी बोलत असल्यासारखे वाख वळत राहिले. मामाजींनी तेवढ्यावर काही म्हटलं नाही. ताटावर बसल्यावर मात्र सुरुवात केली. "काय किसना, त्या तुह्या वावराशेजारच्या सदाशिवची कपाशी पाह्यली का? तुह्याहून हातभर उंच हाये." दुसऱ्या घासाला, "सदाशिवच्या मिशा बी काय झोकात हायेत! तुह्या पाय, उंदरानं कुरतडल्यावानी." तिसऱ्या घासाला सदाशिवची बैलजोडी आली. ह्यांनी भाकरी तशीच टाकली आणि हात धुतले. तेव्हा मामाजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "एका जेवनात तुले इतकं लागलं बे. लेकरू कवापासून हेच जेऊन राह्यलं." वसंता तेव्हा समोरच होता. त्याचा घास तोंडातच राहिला आणि मी चुलीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात सलीमचं नाव फक्त सलीमला हाक मारण्यापुरतंच निघालं.

हे पुढच्या संध्याकाळी पाठ न करता तिरके बसले, मग हळूहळू समोर आले. पण जेवतानासुद्धा तोंडाला कुलूप ते कुलूपच. दोर वळायचा म्हणजे दुसरं टोक कुणीतरी धरून ठेवावं लागतं. ते टोक रोज मामाजी धरत. एके दिवशी दोर चांगला लांब झाला असताना ते ऐनवेळी "रहीमभाईची काजं पाहून येतो," म्हणून उठून गेले. ह्यांच्या हातात पीळ भरलेला दोर. सोडला तर सगळी मेहनत उलगडणार. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी शहाणपणाने पिठाच्या डब्यात डोकं घातलं. शेवटी हे खाकरले आणि म्हणाले, "धर रे जरा."

दोन महिन्यांत बापाने लेकाला म्हटलेले हे पहिले शब्द. वसंता उठला नाही, कारण बाप उठत नाही तोवर तोही उठत नसे. त्याने नुसता पाय लांब केला. ह्यांनी दोराचं टोक त्याच्या अंगठ्यात अडकवलं. पोरगा मोठ्याने प्रमेय म्हणतोय, त्याच्या अंगठ्यातून दोर ताणलेला आणि दुसऱ्या टोकाला बाप पीळ देतोय. मी ते पाहिलं आणि मला खरंच रडू आलं, लपवायचं कशाला? त्यानंतर ते टोक मामाजींकडे परत कधी गेलंच नाही. अंगठ्याला वळ पडले तसा वसंता पाय बदली, तेवढंच.

परीक्षेचं केंद्र चिखलीला होतं. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मामाजींनी वळकटी बांधली. निकालाला थांबा म्हणून मी खूप विनवलं, पण "निकालाशी माहं काय काम?" म्हणून ते एसटीत बसले.

जूनमध्ये दुपारच्या गाडीने वर्तमानपत्र आलं. त्यात पास झालेल्यांचेच नंबर असत. वसंता स्टँडवर गेला आणि परत आला तो घरात आलाच नाही, सरळ गोठ्याकडे गेला. पेरणीच्या आधीचे दिवस, वखर भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. त्याने ते उचललं, खांद्यावर घेतलं आणि अंगणात येऊन बापापुढे उभा राहिला. बोलायचं होतंच काय, सगळं ठरलेलंच होतं. वर्तमानपत्रात त्याचा नंबर नव्हता. हे उठले, त्याच्या खांद्यावरचं वखर काढून पुन्हा भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "अंबाडी शिल्लक हाये अजून घरात. ऑक्टोबरले बसू."

निकाल कळल्यावर चार दिवसांनी मामाजी आले. दिवेलागणीची वेळ होती. आत बापलेक बसलेले होते, मधे दोर. मामाजींनी दारातून पाहिलं आणि आत न जाता ओसरीवर माझ्यापाशीच टेकले. मी म्हटलं, "मामाजी, तुमची विद्या वाया गेली. पोरगा नापासच झाला."

"आन् बाप?" त्यांनी विचारलं.

मी खांद्यावरून पदर सारखा केला. किती तरी वर्षं मनात होतं ते त्या दिवशी विचारलं, "ही रीत तुम्हाला शिकवली कुणी?"

"माह्या बापानं. त्याले अक्षर येत नोतं. मी पुस्तक घेऊन बसलो का तो वाख घेऊन बसे. मी तीनदा नापास झालो. बुढा तिनीदा बसला."

"मग पास कधी झालात?"

"झालोच नाई बाई," ते हसून म्हणाले. मग काखेतल्या वळकटीवरून, त्या काळ्या दोरावरून हात फिरवत म्हणाले, "पन बाप बसला होता ना."

वसंता ऑक्टोबरला पास झाला. पुढे शिकला, पाटबंधारे खात्यात नोकरीला लागला. मामाजी आणखी काही दिवाळ्या कुणाकुणाच्या घरी उतरत राहिले आणि एका वर्षी उतरले नाहीत. त्यांच्यामागे पिंपळगावहून वळकटी आमच्याकडे आली, कारण मूलबाळ नसलेल्या माणसाचं जे काही असतं ते भाच्याचं. ह्यांनी तो दोर सोडवून खुंटीला टांगला. त्याला ते मलाही हात लावू देत नाहीत.

आता आमच्या घरात शिकणारं कुणी नाही. संध्याकाळी दिवा लावला की घर फार मोठं वाटतं. परवा शेजारून आवाज आला. रहीमभाई कधीच गेले, दुकान आता सलीमचं आहे आणि त्याची मुलगी दहावीत. सलीम तिच्यावर ओरडत होता, कुणाच्या तरी मुलीचं नाव घेऊन. हे जेवत होते, ते ताटावरून उठले. गुडघे धरत माळ्याखालचा वाखाचा भारा काढला, खुंटीवरच्या काळ्या दोराने बांधला आणि डोक्यावर घेऊन निघाले. मी म्हटलं, "अहो, बोलावलं आहे का कुणी?" त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "सलीम, तुले बसता येते ना?"

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.