खांद्यावरचा हात

गेल्या पौषात, कौसाबाईंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, तेलगावात त्यांच्या घरी टीव्हीवर लावलेल्या फोटोतल्या कौसाबाई खुर्चीतून उठायचा प्रयत्न करू लागल्या. पंगत बसायची होती, ओसरी माणसांनी भरलेली होती. तो फोटो मी हलता केला होता. डोळे, मान आणि पदर, एवढंच. उठण्याची हालचाल मी दिलेली नव्हती.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तो न ठेवणं माझ्या कामाचाच भाग होता. बीडच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं उपसंपादक होते. पडक्या विहिरीतला आवाज, बाभळीखाली दिसलेली बाई... अशा बातम्या तालुक्यातून यायच्या. मी त्यात ‘म्हणे’ आणि ‘कथित’ घालून त्या आतल्या पानावर तळाला टाकायचे. बहुतेक वेळा टोपलीत. इथे मी स्वतः पाहिलेलं आणि मला सांगितलं गेलेलं वेगळं ठेवलं आहे.

नोकरी सुटल्यावर अंबाजोगाईला घरी बसून मला हा छंद लागला. जुना फोटो स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर माणूस मागच्या पडद्यापासून कापून वेगळा करायचा, त्याच्या पापण्या, मान, हात असे सुटे थर करायचे. मग कुठला थर कुठून कुठे सरकणार ते एकेक करून ठरवायचं. चार सेकंदांची फाईल होते. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते – लूप म्हणतात त्याला. हल्ली फोटो टाकला की आपोआप हलवून देणारी ॲप आली आहेत. ती मी वापरत नाही, कारण ती मनाने काहीही हलवतात. माझ्या पद्धतीत मी हलवीन तेच हलतं.

दत्ता आमच्या दैनिकाच्या अंकांची गाडी चालवायचा. कौसाबाई त्याची आई. तो घरी आला तो काचेची फ्रेम टॉवेलात गुंडाळून.

“म्याडम, मायचा एवढाच फोटो हाय. वर्षश्राद्धाला टीव्हीवर लावायचा हाय. नुसतं डोळं मिटून उघडलं तरी बापूंना लई बरं वाटंल.”

बापू म्हणजे त्याचे वडील, भीमराव. कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. आता ऐंशीच्या पुढे.

फोटो कृष्णधवल होता. वेताच्या खुर्चीत विशीतली बाई, नऊवारी लुगडं, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा – त्यावर तळं आणि पायऱ्या. डाव्या खांद्यावर पदराला एक फुगवटा होता. मला ती चूण वाटली. काम पूर्ण केलं, लूपवर बराच वेळ चालवून पाहिलं, काही चुकलेलं दिसलं नाही. पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतः तेलगावला गेले.

सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. कौसाबाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या, मान जराशी वळवली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बापू समोर प्लास्टिकच्या खुर्चीत होते, उजवा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकून. मग फोटोतल्या बाईने दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकवले, कंबर उचलली आणि ती उठू लागली. निम्मी उठली असेल. डावा खांदा खाली दबला. ती परत बसली. फाईल पुन्हा सुरू झाली, पुन्हा तेच.

लोकांना ती माझी करामत वाटली.

“लई भारी जमवलंय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“म्याडम, आमच्या अण्णाला बी उठवा की एकदा. जित्ता हाय, पण बाजेवरून हलत न्हाई.”

ओसरी हसली. बापू हसले नाहीत. मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. त्यानंतर बापूंना शेजारच्या खुर्चीवरचा हात काढता येईना. दत्ताने आणि त्याच्या चुलतभावाने एकेक बोट सोडवलं. हात सुटला, पण बोटं तशीच वाकलेली राहिली.

त्यांना अंबाजोगाईला आणलं. मी सोबत होते. लकवा नाही, हाड मोडलेलं नाही, नसा चालू आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेक आणि व्यायाम लिहून दिला. बाहेर बाकावर मी बापूंना विचारलं, दुखतं का?

“दुखत न्हाई,” ते म्हणाले. “हाताखाली खांदा हाय.”

“कुणाचा?”

त्यांनी वाकलेली बोटं मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “उठाया जोर करती. दमती. परत करती.”

घरी येऊन मी फाईल उघडली. आता माझ्या कॉम्प्युटरवरही बाई उठू बघत होती. कंबरेला, तळव्यांना, खांद्याला मी हालचाल दिलेली नव्हती. ते सुटे थरही केलेले नव्हते. फ्रेम पुन्हा मागवली, नव्याने स्कॅन केली, दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं पहिल्यापासून केलं. तेच. शेवटी डोळे, मान, पदर काहीच न हलवता, नुसत्या स्थिर फोटोची चार सेकंदांची फाईल काढली.

तीही उठू लागली.

मी दत्ताला फोन केला. सगळ्या फाईली पुसते, तूही पेनड्राइव्हमधली पूस, म्हटलं.

“पुसू नका, म्याडम. का ते येऊन बघा.”

मी गेले. टीव्ही चालू होता. बापू त्याच खुर्चीत होते, दाढी वाढलेली, वाकलेल्या बोटांत कापडाची गुंडाळी कोंबलेली. टीव्ही बंद केला की मूठ आवळते, असं दत्ताने सांगितलं. मी त्याला बंद करायला लावलं. बापूंची बोटं माझ्यासमोर हळूहळू मिटत गेली, कापडावर लाल डाग उमटला. दत्ताने टीव्ही लावला. बोटं होती तेवढ्यावर थांबली.

“लाईट गेली की काळजाचं पाणी होतं आमच्या,” दत्ताची बायको म्हणाली. “चार्जिंग करून मोबाईल तयार ठेवतो. त्याच्यावर लावतो मंग.”

त्या घरात तेव्हापासून टीव्हीवर दुसरं काही लागलं नव्हतं. जेवण त्याच्यासमोर, पाहुणे त्याच्यासमोर. सून घास भरवायची; दोन घास झाले की बापू तोंड फिरवायचे. नखांच्या जखमा चिघळल्या होत्या. हे असंच चाललं तर हात कापावा लागेल, असं दुसऱ्या खेपेला डॉक्टर दत्ताला म्हणाले होते. आणि समोर ती बाई उठायची, दबायची, बसायची. मी तिथे दुपारभर होते. शेवटी शेवटी तिच्यासोबत माझाही श्वास अडायला लागला.

“बापू, हे थांबवायला काहीतरी करू या,” मी म्हणाले.

“काय करू नका. ती दिसती तरी.”

पदरावरच्या फुगवट्याचं मी दत्ताला त्या दिवशी विचारलं. त्याने सांगितलं, मूळ फोटो जोडीचा होता, आई खुर्चीत आणि बापू मागे उभे. आई गेल्यावर फ्रेमला हार घालायचा, तर त्यात बापू कसे चालतील?

“जित्या माणसाच्या फोटोला हार घालत न्हाईत. म्हणून माजलगावच्या स्टुडिओवाल्याला म्हणलं, बापूंना काढून टाक. त्यानं काढलं.”

“आणि हात?”

“हात खांद्यावर होता. तो काढला तर खांदा बी जातोय म्हणला. त्याच्यावर पदर रंगवून दिला.”

म्हणजे फोटोतून माणूस गेला होता आणि हात राहिला होता. मी फ्रेम खिडकीशी नेऊन पाहिली. पदराखाली चार बोटांचे उंचवटे दिसत होते.

मूळ जोडीच्या फोटोची एक प्रत पालीला, कौसाबाईंच्या धाकट्या बहिणीकडे असेल, असं दत्ता म्हणाला. मी मुक्कामाला राहिले; बहीण, गयाबाई, दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या. फोटो पिशवीत, साडीच्या घडीत ठेवला होता. ओसरीवर आल्या, टीव्हीकडे पाहिलं, आणि चप्पल न काढता उभ्याच राहिल्या.

“दाजी,” त्या म्हणाल्या, “अजून बसवूनच ठेवलंय व्हय तिला?”

पुढचं मला गयाबाईंनी सांगितलं. बापूंनी ते खोडलं नाही.

फोटो काढला त्या दिवशी कौसाबाईंना माहेरी पालीला जायचं होतं. आई आजारी असल्याचा सांगावा आला होता. दोघं एसटीसाठी माजलगावला आले. बापूंनी नवा कोट शिवून घेतला होता. स्टँडसमोर स्टुडिओ होता. पाच मिनिटांत फोटो काढू, मग जाऊ, असं ते म्हणाले.

“फोटोवाल्यानं लई येळ लावला,” गयाबाई म्हणाल्या. “कधी पडदा, कधी लाईट. ताई दोनदा उठली. दाजींनी खांदा दाबला, म्हणले, हलू नको, फोटो बिघडंल. तवर गाडी गेली. दुसरी संध्याकाळची. ताई पालीला आली तवर मायची तिरडी उचलली होती.”

“तिनं मला कधी काही म्हणलं न्हाई,” बापू म्हणाले.

“तुमाला न्हाई म्हणली. मला म्हणली.”

टीव्हीवर बाई पुन्हा निम्मी उठली, पुन्हा बसली. गयाबाईंनी पिशवीतून फोटो काढून माझ्या हातात दिला. त्यात बापूंचा हात स्पष्ट दिसत होता. तो खांद्यावर ठेवलेला नव्हता, दाबलेला होता. बोटांभोवती पदर गोळा झाला होता. कौसाबाई कॅमेऱ्याकडे पाहत नव्हत्या. फ्रेमसाठी डोळेही थोडे फिरवून रंगवले होते, ते मला तेव्हा कळलं.

“ह्यातला हात उचलता येतो का?” बापूंनी मला विचारलं.

“येतो.”

“उचलला तर ती जाईल.”

मी लॅपटॉपची पिशवी जवळ ओढली.

“गेली तर गेली,” गयाबाई म्हणाल्या. “तिला जायचंच हुतं.”

“मग मी काय बघू?”

“दाजी, आजवर तुमी बघितलं का तिच्याकडं? हाताकडं बघत बसलाव.”

बापूंनी टीव्हीकडे पाहिलं. सून ताट घेऊन आली आणि दारातच थांबली. मग ते डाव्या हाताने उजवा हात मांडीवर ओढून घेत म्हणाले, “उचला, बाई.”

लॅपटॉप सोबत होता. फोटो तिथेच मोबाईलने सरळ धरून टिपला आणि लॅपटॉपवर घेतला. मी फक्त हात कापला, कोपरापासून पुढे, आणि त्याच्याखालची खांद्याची जागा पदराने भरली. बाकी एकही थर केला नाही. कौसाबाईंना दुसरीकडे कुठेही हात लावला नाही. त्यांच्या मागची खुर्चीही रंगवून भरली नाही. माणूस जागेवरून हलणार असेल तरच मागची मोकळी जागा भरावी लागते, आणि मी हलवणार होते तो फक्त हात. सुरुवातीला हात खांद्यावर, शेवटी खांद्यापासून वीतभर वर. मध्ये काही नाही. फाईल काढली, पेनड्राइव्ह टीव्हीला लावला.

मधल्या क्षणी पडदा काळा होता. बापूंच्या घशातून आवाज आला. मग फोटो दिसला.

कोटातल्या तरुणाने हात उचलला. बाईने तळवे टेकवले आणि ती उठली. पूर्ण उभी राहिली. पदर खांद्यावर सारखा केला. कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, मागेही पाहिलं नाही. चौकटीच्या डाव्या कडेने ती बाहेर गेली. तो तरुण हात तसाच अधांतरी धरून उभा होता. पुढे रिकामी खुर्ची होती.

गयाबाईंनी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. दत्ताने टीव्ही बंद केला आणि वडिलांच्या हाताकडे पाहिलं. बोटं उघडली होती. कापडाची गुंडाळी खाली पडली होती, तळव्यात नखांच्या खुणा होत्या. सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला. बापूंनी तो उजव्या हाताने घेतला.

“पाली कुठल्या अंगाला येती इथनं?” त्यांनी गयाबाईंना विचारलं. त्यांनी हात करून दाखवलं. बापू तिकडे तोंड करून पाणी प्यायले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. जखमा भरल्या, हात चालतो. डॉक्टरांनी कागदावर ‘सुधारणा’ एवढंच लिहिलं आहे. हे काम करणाऱ्या दोघांना मी फाईली दाखवल्या. एक म्हणाला, सॉफ्टवेअरचा घोळ असेल. दुसरा म्हणाला, तुम्हीच ॲपवर केलं असेल आणि विसरला असाल. मी विसरलेले नाही, पण हे सिद्ध करता येत नाही. त्यानंतर मी माणसांचे फोटो हलवलेले नाहीत.

तेलगावच्या फ्रेममध्ये कौसाबाई खुर्चीत बसलेल्या आहेत. पालीच्या जोडीच्या फोटोतही आहेत. शेवटची फाईल माझ्याकडे आहे. ती लूपवर लावली की पहिल्या चौकटीपासूनच खुर्ची रिकामी असते. तिच्या बैठकीची वेताची वीण डाव्या बाजूला उसवलेली दिसते. मूळ फोटोत ती जागा लुगड्याखाली झाकलेली आहे.