चौथ्या मजल्यावरचा रविवार

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत फादरचे किस्से इतके साठलेत की भाजीच्या गाडीवर कोथिंबीर निवडता निवडताही एखादा निघतोच. मी मुद्दाम ऐकत नाही. कान आहेत, त्याला मी काय करू?

गेल्या हिवाळ्यात मात्र त्याच गाडीवर मी अर्धंच ऐकलं. सेक्रेटरी खन्नाजींची बायको कुणाला तरी सांगत होती, "चौथी मंज़िल वाले फादर का संडे अब बंद. हमारे ये तो..." तेवढ्यात तिनं मला पाहिलं आणि मटारचा भाव विचारू लागली.

मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

*

फादर म्हणजे नगर जिल्ह्यातले, पंचाहत्तरी गाठलेले मराठी पाद्री. रविवारी दुपारी त्यांच्या घरी सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाराजणी जमायच्या. बायबलमधला एक उतारा वाचायचा, मग ज्याचं त्यानं मनातलं बोलायचं. मी देवघरात दिवा लावणारी बाई, पण मराठी बोलायला मिळतं म्हणून गेले आणि जातच राहिले.

याला लिबरेशन थिऑलॉजी म्हणतात, असं फादर एकदा म्हणाले.

"म्हणजे काय हो?"

"देव दबलेल्या माणसाच्या बाजूला उभा असतो, ताई. आपण कुठे उभे आहोत, तेवढं बघायचं."

मी बघितलं. मी बिस्किटांच्या ताटलीजवळ उभी होते.

*

बोलण्याचा नंबर लावायची तिथली पद्धत न्यारी. त्या दिवशी सगळ्यात जास्त जिने जी चढली, ती पहिली बोलणार. कारण कामवाल्यांना लिफ्ट बंद. सोसायटीचा तसा ठराव आहे. खोटं कशाला बोलू, त्याला हात मीही वर केला होता. ठराव झाला त्या दिवसापासून फादरनी लिफ्ट सोडली. तरी बोलायचे सगळ्यांच्या शेवटी. "मी दिवसातून एकदाच चढतो," म्हणायचे.

एकदा मीही आमच्या दुसऱ्या मजल्यावरून मुद्दाम चालत गेले आणि तसं सांगितलं. झारखंडची सुशीला सात घरची कामं करते. ती हसून म्हणाली, "भाभीजी, दो मंज़िल में तो हमारी चप्पल भी गरम नहीं होती."

*

एकदा फादरना दिल्लीत भाषणाला बोलावलं. विषय होता, अशांत जगात लिबरेशन थिऑलॉजीचं भवितव्य. ते सुशीलाला घेऊन मेट्रोनं गेले. परतल्यावर मी दोघांना जिन्यातच गाठलं. "काय बोललात?"

"मी कुठला बोलतोय? इतरांनी भवितव्य इतकं लांबवलं की माझी पाळी येईतो जेवणं लागली."

सुशीला म्हणाली, "खाना अच्छा था. परोसने वाली लड़की सुबह से खड़ी थी, तो मैंने उसे अपनी कुर्सी दे दी."

"मग लोक काय म्हणाले?"

"कुर्सी कम पड़ गई, बोले."

फादर म्हणाले, "दिवसभरातलं भाषण तेवढंच झालं."

*

शेवटी न राहवून मी फादरना सरळच विचारलं, "रविवार बंद होतोय म्हणे? खन्नाजींनी काही केलं का?"

"खन्नाजींनी काही केलं नाही. माझे गुडघे गेले, ताई. गाझियाबादला आमच्या म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरी बोलावलंय."

"अहो, मग लिफ्टनं या-जा करा ना!"

त्यांनी हातातल्या काठीचं टोक जिन्याकडे केलं. मी पदराशी चाळा करत राहिले.

"आणि या बायकांनी जायचं कुठे?" मी विचारलं.

"भवितव्याचं मला विचारू नका," फादर म्हणाले. "तुमचा हॉल केवढा आहे?"

*

फादर निघाले त्या दिवशी खन्नाजी स्वतः लिफ्टचं दार धरून उभे होते. "फादर, आज तो आइए. इन घुटनों से कैसे उतरेंगे?"

"धीरे-धीरे," फादर म्हणाले आणि जिन्याकडे वळले. मग खन्नाजींनाच लिफ्ट सोडून त्यांचा हात धरावा लागला. चार मजले दोघं उतरत होते, मागे आम्ही सगळ्या. खाली पोचल्यावर खन्नाजी घाम पुसत म्हणाले, "आखिर आप चाहते क्या हैं?"

"एक दिन सीढ़ी से चलिए. फिर सुशीला को बताइएगा."

आता चौथ्या मजल्यावर कुलूप असतं. तरी जिन्यात काठीचा आवाज आला की मी अजून दार उघडून बघते.

*

फादर गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आमच्या हॉलमध्ये चटया घातल्या. फादरचं जुनं बायबल सुशीलाच्या मांडीवर होतं. ती नंबर लावणार तेवढ्यात बेल वाजली. दारात खन्नाजी.

मला वाटलं, संपलं. गाडीवर अर्धी राहिलेली बातमी आता पुरी होणार, खन्नाजी हाही रविवार बंद पाडणार.

खन्नाजींनी चपला काढल्या, धापा टाकत कडेच्या चटईवर बसले आणि म्हणाले, "आज सुबह से सीढ़ी से ही चल रहा हूँ."

सुशीलानं त्यांना किती मजले ते विचारलं, बोटांवर मोजलं, मग सगळ्यांवरून नजर फिरवली.

"बैठिए, सेक्रेटरी साहब. आपका नंबर तेरहवाँ. भाभीजी से ठीक पहले."